पोर नियम मोडतं तेव्हा



गटाची बैठक संपते, बचतीचे पैसे मोजून होतात, वही मिटते आणि मग बोलणं हमखास पोरांवर येतं. कोणी म्हणते, "चुलीजवळ जाऊ नको म्हटलं की मुद्दाम तिथंच जातो." कोणी म्हणते, "माझ्याकडे बघत बघत पाण्याच्या हंड्यात हात घालते, वर हसते." दुसरी म्हणते, "दोन फटके दिल्याशिवाय ऐकतच नाही." दोन ते सहा वर्षांचं मूल ज्या घरात आहे, त्या घरात हे रोजचंच आहे. म्हणून आज याच विषयावर बोलू. लहान मूल नियम का मोडतं? आपली सीमा कुठं आहे हे त्याला कसं कळतं? आणि नियम मोडल्यावर आपण काय करायचं?

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. दीड-दोन वर्षांचं मूल आपल्याकडे बघत नको त्या गोष्टीला हात लावतं, तेव्हा ते आपल्याला चिडवत नसतं. ते विचारत असतं. त्याला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून ते हाताने विचारतं. त्याचे प्रश्न तीन असतात. आई काल नको म्हणाली, ते आजही नकोच आहे का? आई नको म्हणते, ते आजीकडेही नकोच आहे का? आणि मी हे केलंच, तर पुढे काय होतं?

भाताच्या खाचराचं बघा ना. पाणी भरलं की ते चारी बाजूंनी बांधाला भिडतं. कुठं खेकड्याने भोक पाडलं असेल, तर पाणी तिथूनच बाहेर पडतं. त्यात पाण्याचा काही दोष नसतो. मूलही असंच सगळ्या बाजूंनी भिडून बघतं. बांध सगळीकडे सारखा असला की ते शांत होतं आणि आतल्या जागेत मजेत खेळतं. बांध आज आहे आणि उद्या नाही असं असलं, तर ते रोज नव्याने तपासत राहतं. मग आपण म्हणतो, पोर हट्टी झालं.

आता वयाप्रमाणे बघू. दोन वर्षांच्या मुलाला "नको" हा शब्द कळतो, पण तो ध्यानात राहतो आपण समोर असेपर्यंतच. पाठ वळली की नियमही गेला. म्हणून या वयात नुसतं सांगून भागत नाही. विळा, कोयता, रॉकेलची बाटली आपणच उंचावर ठेवायची. तीन-चार वर्षांच्या मुलाला नियम माहीत असतो. धाकट्या भावाला ते दटावून सांगतंसुद्धा, "चुलीत हात घालू नको, भाजेल." आणि घटकाभराने स्वतःच हात पुढे करतं. यात ढोंग काही नसतं. नियम डोक्यात असतो, पण हात आवरायची ताकद अजून आलेली नसते. ती हळूहळू येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कारण समजतं आणि त्याच सुमाराला लपवणं, खोटं बोलणंही दिसू लागतं. गूळ खाल्ला आणि तोंड पुसून "मी नाही" म्हणालं, म्हणजे पोर वाया गेलं असं नाही. आई मनात काय म्हणेल याचा अंदाज त्याला यायला लागला आहे. इथून पुढे आपण कसं वागतो यावर ते लपवणं वाढतं किंवा कमी होतं.

लहान मुलाला बरं-वाईट कसं दिसतं, याचा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या जाँ पियाजे नावाच्या शास्त्रज्ञांनी केला. १९३२ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. ते मुलांबरोबर बसून गोट्यांचा डाव बघत आणि विचारत, हा नियम कोणी केला, तो बदलता येईल का? ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार ढकललं. दारामागे कप ठेवले होते, ते त्याला माहीत नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नसताना मुरांबा चोरून खायला वर चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागला? लहान मुलं बहुतेक वेळा म्हणत, पंधरा फोडले तो. मोठी मुलं म्हणत, चोरून खायला गेला तो.

म्हणजे लहान मूल नुकसान मोजतं. हेतू बघायला ते पुढे शिकतं. आता आपल्या घरात बघू. सहा वर्षांची पोरगी मदत म्हणून विहिरीवरून कळशी आणताना पडली आणि कळशीला पोचा आला. तिला आपण मारलं. दुसऱ्या दिवशी पोराने आजीच्या पिशवीतून दोन रुपये घेतले. दोनच रुपये म्हणून आपण हसलो. या दोन गोष्टींतून पोरं काय शिकली? मदत करताना पडलं तर मार मिळतो आणि थोडं चोरलं तर चालतं. म्हणून काही फुटलं, सांडलं की आधी विचारायचं, "काय करत होतीस?" या एका प्रश्नाने मुलाला कळतं की आई हेतूही बघते.

मुलं नियम एकमेकांकडूनही शिकतात. लगोरी किंवा विटीदांडू खेळताना कोणी सारखी चिडी खेळली, तर बाकीची पोरं म्हणतात, "जा, तुला घेत नाही." थोड्या वेळाने ती परत येते आणि नीट खेळते. तिला कोणी मारलेलं नसतं. खेळ हवा असेल तर खेळाचा नियम पाळावा लागतो, हे तिला खेळानेच शिकवलेलं असतं. अशा भांडणात मोठ्यांनी लगेच पडू नये. दगड उचलला, कोणाला लागलं, तरच मध्ये जावं.

आपल्या रीतीभातींतही हे शहाणपण आहे. नवं पीक आलं की देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही, ही चाल आपल्या कितीतरी घरांत आहे. लहान पोरसुद्धा ती पाळतं. का पाळतं? कारण तो नियम आजोबाही पाळतात, बापही पाळतो. तो सगळ्यांना सारखा असतो आणि तो कधी संपणार तेही ठरलेलं असतं. जो नियम मोठी माणसं स्वतः पाळतात, तो मुलाला शिकवायला फार बोलावं लागत नाही. बाप मोटरसायकलवर बसून फोनवर बोलत असेल, तर "रस्त्यावर नीट चाल" हे पोराच्या कानावरून जातं.

कधी कधी मूल नियम मोडतं, कारण नियमच त्याला बसत नाही. याचं उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यातलं आहे. ताराबाई मोडक यांनी आधी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ साली त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. ती येत नाहीत म्हणून या दोघींनी त्यांना नावं ठेवली नाहीत. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आजच्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती नंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला. जी मोठी मुलं गुरं राखायला जात, त्यांना शाळेची वेळ पाळता येत नव्हती. त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. शिकवायला दगड, बिया, पानं, शिंपले असं आसपासचंच सामान वापरलं.

यातून घरासाठी काय घ्यायचं? मूल एकच नियम रोज मोडत असेल, तर एकदा नियमाकडेही बघायचं. तीन वर्षांच्या पोराला दोन तास "गप बस" म्हटलं, तर ते बसणार नाही. त्याच्या वयाला ते जमतच नाही. त्याच्या हातात करवंटी आणि माती द्या, ते तासभर रमेल.

नियम थोडे असावेत. आम्ही गटांमध्ये सांगतो, घरातल्या नियमांचे तीन ढीग करा. पहिला ढीग जिवाच्या धोक्याचा: चूल, विहीर, ओहोळ, रस्ता, विजेची वायर, औषधं. यात सूट कधीच नाही. दुसरा ढीग दुसऱ्याला त्रास देण्याचा: मारणं, चावणं, दुसऱ्याचं न विचारता घेणं, मुक्या जनावराला छळणं. यातही रोज तोच नियम. तिसरा ढीग आपल्या सोयीचा: कपडे मळवू नको, आवाज करू नको, इथं बसू नको. हा ढीग बहुतेक घरांत सर्वांत मोठा असतो. तो कमी करायचा. दिवसभरात पन्नास वेळा "नको" ऐकणाऱ्या मुलाला विहिरीचा "नको" आणि चिखलाचा "नको" यांतला फरक कळत नाही.

नियम सांगताना काय करायचं ते सांगावं. "पळू नको" म्हणण्यापेक्षा "रस्ता आला, माझा हात धर" हे मुलाला लवकर समजतं. आणि नियम मोडलाच तर? इथं आपल्या गटाचीच पद्धत आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, कर्ज देणं, वेळेवर परतफेड, चोख हिशेब ही आपली पंचसूत्री. एखाद्या बाईचा हप्ता चुकला तर आपण तिला मारत नाही. तिला गटातून हाकलत नाही, हप्ता सोडूनही देत नाही. काय झालं ते विचारतो, मार्ग काढतो, पण हप्ता भरावाच लागतो. अध्यक्ष असली तरी तिलाही भरावा लागतो. मुलालाही तसंच. पाणी मुद्दाम सांडलं, तर फडकं द्यायचं आणि त्याच्याबरोबर पुसायचं. भावाला मारलं, तर खेळ थोडा वेळ बंद आणि भावाला लागलं तिथं पाणी लावायचं. दगड भिरकावला, तर दगड काढून घ्यायचा. जे केलं, त्याच्याशी जोडलेलं काहीतरी लगेच करायला लावायचं, आणि तिथंच संपवायचं. संध्याकाळी बाप आल्यावर पुन्हा तेच उगाळायचं नाही.

दोन गोष्टी मात्र शिक्षा म्हणून कधीच वापरायच्या नाहीत. पहिली जेवण. आपल्या तालुक्यांत मुलांचं वजन हा नेहमीच काळजीचा विषय आहे. "ऐकलं नाहीस, आज भाकर नाही" असं कधी म्हणायचं नाही. दुसरी गोष्ट भीती. "डॉक्टर सुई देईल", "पोलीस नेतील", "अंगणवाडीच्या ताईला सांगते" असं म्हटलं, की अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे धावत जायचं, त्याच माणसांना पोर घाबरायला लागतं.

आता माराबद्दल बोलू. आजच्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

मार दिला की पोर त्या क्षणाला थांबतं, हे खरं. पण ते काय शिकतं? ते शिकतं की आई बघत असताना करायचं नाही, आणि झालं तर सांगायचं नाही. शहरात कदाचित एखादा फुटलेला पेला लपवला जाईल. आपल्याकडे काय काय लपवलं जाऊ शकतं, याचा विचार करा. पेंढ्याच्या उडवीवर चढायचं नाही, असा नियम आहे. पाच वर्षांचं पोर चढलं, आणि आत काहीतरी चावलं. ते घरी येऊन सांगेल का? माराची भीती असेल तर ते पाय झाकून कोपऱ्यात बसेल. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. मण्यार चावली तर जागा फारशी दुखत नाही, सूजही नसते. नंतर पोट दुखतं, पापण्या जड होतात, श्वास अडकतो. त्या वेळी गेलेला प्रत्येक तास जिवावर येतो.

तसंच औषधांचं. गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या पोराला गोडाच्या गोळ्यांसारख्या दिसतात. लहान मुलाने त्या बऱ्याच खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल किंवा फवारणीचं औषध पोर पाणी समजून पितं. अशा वेळी पोराने घाबरून "मी काही नाही खाल्लं" म्हटलं, तर आपण आणि डॉक्टर दोघंही अंधारात राहतो.

म्हणून सगळ्या नियमांच्या वर एक नियम ठेवा, आणि तो मुलाला पुन्हा पुन्हा सांगा: "नियम मोडलास तरी चालेल, पण काही चावलं, लागलं, खाल्लं, कोणी त्रास दिला, तर लगेच सांग. सांगितलंस तर मारणार नाही." आणि त्याने सांगितलं की हा शब्द पाळायचा. एकदा जरी सांगितल्यावर मार बसला, तरी पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

मुलाने सांगितलं तर काय करायचं, तेही ऐका. साप चावला असेल तर पोराला चालवू नका, आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. कडं, काळा दोरा काढून टाका. जागा कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. भगताचा मान आहेच, पण आधी दवाखाना. सापाच्या विषावरचं औषध दवाखान्यातच मिळतं. रॉकेल प्यायलं असेल तर उलटी करवू नका. गोळ्या खाल्ल्या असतील तर रिकामं पाकीट बरोबर घ्या. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं कुटीर रुग्णालय गाठा.

आता घरातल्या बाकीच्या माणसांबद्दल. आवणीच्या दिवसांत आपण सकाळपासून चिखलात, पोर आजीजवळ. आई नको म्हणते ते आजी देते, आजी नको म्हणते ते बाप देतो. मुलाला लगेच कळतं, कोणाकडे काय चालतं. सगळ्याच बाबतींत एकमत होणार नाही. पण पहिल्या ढिगातले नियम, चूल, पाणी, रस्ता, औषधं, एवढे तरी सगळ्यांनी बसून ठरवा. आजीला दटावू नका, तिलाच विचारा, "तुम्ही आमच्या वेळी काय करत होता?" तिच्याकडे उपाय असतात.

दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. तिथं मुलासाठी सगळंच नवं असतं. पाड्यावरची विहीर त्याला ठाऊक होती. भट्टीवरचा खड्डा, मागे येणारा ट्रक, गरम विटा त्याला ठाऊक नसतात. घरचे नियम इथं चालतात की नाही, हे ते नव्याने तपासणार. म्हणून पोचल्याच्या दिवशीच मुलाचा हात धरून सगळी जागा फिरून दाखवा. "इथपर्यंत खेळायचं, या दगडाच्या पुढे नाही." दगडाला चुना लावा, काठी रोवा. लहान मुलाला डोळ्यांना दिसणारी खूण लवकर समजते. जवळ अंगणवाडी असेल तर तिथं मुलाचं नाव सांगा.

सहा वर्षांचं झालं की कितीतरी पोरं आश्रमशाळेत राहायला जातात. तिथं घंटेवर उठणं, रांगेत जेवणं, असे किती नियम. जाण्याआधी महिनाभर घरी थोडी सवय लावा: ताट स्वतः धुणं, अंथरूण घडी करणं, वेळेवर उठणं. आणि "काही झालं तर सांगायचं" हा नियम बरोबर द्या. सुट्टीत घरी आलं की विचारा, ऐका. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं याला बंदी आहे. मूल संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, हे सगळं एका दिवसात होत नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईचा हात उठतो, कारण ती दमलेली असते. म्हणून गटाने एक करावं. आवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत आळीपाळीने एक-दोघींनी पाड्यावरची पोरं सांभाळायची. एकीची मजुरी बुडते, ती बाकीच्यांनी मिळून द्यायची का, ते गटातच ठरवा.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर प्रत्येकीने आपल्या घरातले नियम सांगावेत आणि सगळ्यांनी मिळून ते तीन ढिगांत लावावेत. कोणता नियम ठेवायचा, कोणता सोडायचा, ते बोलावं. घरी गेल्यावर रॉकेलची बाटली आणि गोळ्यांचं पाकीट कुठं ठेवलं आहे ते बघावं, आणि पोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी हलवावं. तुमच्या पाड्यावर काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते सगळ्यांना वाचून दाखवू.

तोवर राम राम.